काठीची पावले : वार्धक्य, नोंदयंत्रे आणि उपहास

वार्धक्याची चेष्टा ही साहित्यातील फार जुनी रीत आहे. रोमन नाटककार प्लॉटस याच्या सुखात्मिकांत विषयलोलुप म्हातारे वारंवार येतात. मोलिएरच्या १६६८ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातील कृपण आर्पागाँ आपल्या पैशाच्या पेटीपायी पोटच्या मुलांशीही वैर धरतो. त्यांच्या पंक्तीला गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकातील भुजंगनाथाला मराठी वाचक सहज बसवील. या तिघांकडे थोडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रेक्षक हसतो तो केवळ त्यांच्या सुरकुत्यांना नव्हे. भुजंगनाथाजवळ पैसा आहे आणि त्या बळावर तो एका कोवळ्या मुलीचे आयुष्य विकत घेऊ पाहतो, म्हणून तो उपहासास पात्र ठरतो. म्हातारपण हे निमित्त. उपहासाचे खरे लक्ष्य आहे सत्ता.

आता असे समजा की घरातील सत्ता वृद्धाच्या हातून केव्हाच निघून गेलेली आहे. मुले दूर देशी आहेत, सहचरी वारली आहे, आणि वृद्धाने किती वाजता उठावे, किती पावले चालावे, जेवणात मीठ किती घ्यावे, याचा हिशेब घरातल्या वस्तूच ठेवू लागल्या आहेत. अशा वेळी उपहासकाराने कोणाकडे बोट दाखवावे? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. वृद्धांच्या जीवनात शिरलेल्या माहितीसंकलक साधनांची परीक्षा उपहासाच्या द्वारे कशी करता येते, आणि तशी ती करताना उपहास कोठे चुकतो, हे आपण काही प्रत्यक्ष कृतींच्या आधारे पाहू.

प्रथम ही साधने कोणत्या जातीची आहेत हे समजून घेतले पाहिजे. जपानमधील झोजिरुशी या कंपनीने २००१ साली एक विजेची किटली बाजारात आणली. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने चहासाठी गरम पाणी ओतले की त्याची नोंद बिनतारी यंत्रणेने कंपनीकडे जाई आणि तेथून दिवसातून दोनदा ती मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर पोहोचे. आज सकाळी आईने चहा केला, म्हणजे आई ठीक आहे, असा तिचा अर्थ. पुढे अशा वस्तूंची संख्या वाढत गेली. गादीखाली पसरण्याच्या पट्ट्या आल्या. त्या अंगाचा दाब आणि श्वासाची हालचाल टिपतात. भिंतीवर लावण्याचे संवेदक आले. कोणी खोलीतून गेले की ते वेळेसह त्याची नोंद करतात. २०१३ साली एका विद्युत काट्याचे प्रदर्शन झाले; खाणारा घाईघाईने घास घेऊ लागला की तो काटा हातात थरथरत असे. २०१८ मध्ये ॲपल कंपनीच्या मनगटी घड्याळात पडल्याची जाणीव घेणारी सोय आली. वापरणाऱ्याने आपले वय ६५ किंवा अधिक नोंदवले असेल तर ती आपोआप चालू होत असे.

यांपैकी एकही वस्तू दुष्ट हेतूने बनवलेली नाही, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. मायेपोटीच ती घेतली जाते. तथापि माया आणि पाळत यांच्यामधील सीमारेषा फार बारीक आहे, आणि मराठी भाषेने ती एका क्रियापदात पकडून ठेवली आहे. आपण आजाऱ्याकडे ‘लक्ष देतो’ आणि संशयिताकडे ‘लक्ष ठेवतो’. लक्ष देणाऱ्याला स्वतःचा वेळ द्यावा लागतो. लक्ष ठेवण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. इंग्रजीतून या विषयाचे लेखन मराठीत आणणाऱ्याला हा भेद पदोपदी अडवतो, कारण तेथील एकाच शब्दासाठी कधी ‘देखभाल’, कधी ‘निगराणी’, तर कधी ‘पाळत’ असे लिहावे लागते, आणि यांतला कोणता शब्द निवडला यावर वाक्याचा सारा कल ठरतो.

या साधनांचे तत्त्व मात्र एकच आहे. जे जाणून घ्यायचे आहे ते यंत्राला दिसत नाही. झोप, भूक, उत्साह, एकटेपणा यांपैकी कशालाही वजन नाही की आकार नाही. म्हणून यंत्र एखादे चिन्ह धरते आणि त्यावरून अनुमान करते. गादीवर भार आहे, त्याअर्थी माणूस निजला आहे. काठी हलते आहे, त्याअर्थी माणूस चालतो आहे. आपल्याकडील न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अनुमान ओळखीचे वाटेल: डोंगरावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे. परंतु त्याच शास्त्राने असेही बजावले आहे की साध्य नसलेल्या ठिकाणीही जर हेतू आढळत असेल, तर तो हेतू व्यभिचारी होय. त्यावरून काही सिद्ध होत नाही. निजलेल्या माणसाप्रमाणे पुस्तकांच्या गठ्ठ्यालाही भार असतो. ज्या लघुपटाकडे आपण आता वळणार आहोत, त्याचा विनोद नेमक्या या फटीतून उगवतो.

‘अनइन्व्हायटेड गेस्ट्स’, म्हणजे ‘अनाहूत पाहुणे’, हा सुमारे पाच मिनिटांचा लघुपट लंडनच्या ‘सुपरफ्लक्स’ या रचनासंस्थेने २०१५ साली तयार केला. संस्थेच्या दोन संस्थापकांपैकी अनब जैन यांचे शिक्षण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत झाले असल्याने या कृतीशी भारताचा थोडा ऋणानुबंधही आहे. कथानक अगदी साधे आहे. टॉमस हा सत्तर वर्षांचा गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर घरात एकटाच राहतो. दूर राहणाऱ्या मुलांनी त्याच्यासाठी काही ‘स्मार्ट’ वस्तू पाठवल्या आहेत: एक काटा, एक काठी आणि बिछान्यासाठी एक साधन. काटा आहारावर लक्ष ठेवतो, काठी चालण्यावर, बिछाना झोपेवर. काही कमीजास्त झाले की वस्तू कुरकुरतात आणि खबर मुलांपर्यंत जाते. मग मुलांचे प्रेमळ निरोप येतात. त्या प्रेमात एक प्रकारची तंबी असते.

या वस्तूंचे रूप मुद्दाम ढोबळ ठेवले आहे. भडक रंगाचे, बाळाच्या खेळण्यासारखे ते आकार टॉमसच्या जुन्या, वापरून मऊ झालेल्या घरात डोळ्यांना टोचतात. निर्मात्यांनी खऱ्याखुऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल केली असती, तर प्रेक्षक त्याच्या किमतीचा आणि उपयुक्ततेचा विचार करीत बसला असता. खेळण्याचे रूप दिल्याने दुसराच प्रश्न मनात येतो: सत्तर वर्षांच्या माणसाला हे कोण आणि का देत आहे?

टॉमस आधी चिडतो, नंतर कंटाळतो, आणि शेवटी त्याचे डोके चालू लागते. काटा तो हिरव्या पालेभाजीत खुपसून ठेवतो आणि स्वतः आपल्या आवडीचे तळलेले पदार्थ खातो. निजण्याची वेळ झाली की बिछान्यावर जाड पुस्तकांचा ढीग रचतो आणि आपण निवांत जागत बसतो. काठी तो शेजारच्या एका तरुणाच्या हाती देतो. तो तरुण ती घेऊन भटकून येतो आणि मोबदल्यात त्याला बिअर मिळते. मुलांना कळते ते एवढेच की बाबा भाजी खातात, भरपूर चालतात आणि वेळेवर झोपतात. सर्व जण समाधानी आहेत.

येथे हसू कशाचे येते, ते नीट तपासण्यासारखे आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसन याने १९०० साली हास्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. जिवंत माणसाच्या वागण्यात यंत्रासारखा ताठरपणा आला की आपण हसतो, असा त्यातील एक प्रमुख विचार आहे. लघुपटात या सूत्राचीच उलटापालट झालेली दिसते. वस्तू माणसाला ठरावीक वेळी ठरावीक कृती करणारे यंत्र बनवू पाहतात, आणि माणूस ती यांत्रिकता पुस्तकांच्या ढिगाला आणि काठीला बहाल करून स्वतः मोकळा होतो. हसू टॉमसवर येत नाही. आपण टॉमसच्या बाजूने हसतो. म्हातारपणाविषयीच्या विनोदात हे क्वचित घडते.

आणखी एक गोष्ट हा लघुपट न बोलता दाखवतो. टॉमसच्या साऱ्या युक्त्यांत माणसांशी संबंध आला आहे तो एकाच युक्तीत, तो काठीच्या. तरुण दाराशी येतो, काठी घेतो, परत आणतो, दोघे चार शब्द बोलत असतील. मुलांनी पाठवलेल्या कोणत्याही वस्तूने त्याच्या घरी माणूस आणला नव्हता. वस्तूला फसवण्याच्या निमित्ताने मात्र एक माणूस आला. ज्यांना यात केवळ खोडसाळपणा दिसतो त्यांनी हे पुन्हा पाहावे.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतील आहे. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मे २०१७ मध्ये ‘एको सिल्व्हर’ या नावाची एक लुटुपुटीची जाहिरात दाखवण्यात आली. ॲमेझॉन कंपनीच्या बोलक्या ध्वनियंत्राची ही म्हाताऱ्यांसाठी काढलेली आवृत्ती, अशी कल्पना. वृद्धांना यंत्राचे ‘अलेक्सा’ हे नाव आठवत नाही, म्हणून ते जवळपासच्या कोणत्याही नावाला ‘ओ’ देते. ऐकू कमी येते, म्हणून ते मोठ्याने आणि पुनःपुन्हा सांगते. लांबलचक, भरकटणाऱ्या आठवणी सुरू झाल्या की ते अधूनमधून हुंकार भरते. प्रेक्षागृहात हशा पिकला, आणि खरे सांगायचे तर तो विनोद बेतशीरही आहे. पण त्याचे लक्ष्य बहिरेपण आणि विस्मरण हेच राहते. घरात बसून सारे ऐकणारे ते यंत्र ऐकलेले कोठे पाठवते, हा प्रश्न कोणाला पडत नाही. यंत्र बिचारे सोशीक ठरते. हुंकाराचा विनोद तेवढा वेगळा आहे. ज्या घरात ऐकायला यंत्राखेरीज कोणी उरले नाही ते घर त्यात क्षणभर दिसते. मात्र जाहिरात तेथे न थांबता पुढच्या हशाकडे वळते.

विनोद, उपरोध, विडंबन आणि उपहास हे शब्द आपण सैलपणे वापरतो. ‘एको सिल्व्हर’ हे जाहिरातीचे उत्तम विडंबन आहे. एखाद्या शैलीची नक्कल साधली की विडंबन पुरे होते. उपहासाला त्यापलीकडे जाऊन कोणाला तरी जाब विचारावा लागतो.

असा जाब २०१५ सालच्या ‘अनफिट बिट्स’ या प्रकल्पाने विचारला. टेगा ब्रेन आणि सूर्या मट्टू या कलावंतांनी पावले मोजणारा पट्टा मनगटाऐवजी संगीताच्या तालमापकाला, छिद्रे पाडण्याच्या यंत्राला, सायकलच्या चाकाला बांधून दाखवला. माणूस खुर्चीत बसून राहतो आणि पावले वाढत जातात. त्याच वर्षी अमेरिकेतील जॉन हॅनकॉक या आयुर्विमा कंपनीने असे पट्टे वापरून आपली माहिती देणाऱ्या ग्राहकांना हप्त्यात सवलत देऊ केली होती. हा प्रकल्प वृद्धांपुरता नाही. पण टॉमसच्या काठीचा तो सख्खा भाऊ आहे, आणि मोजणाऱ्या पट्ट्यामागे कोणाचा पैसा गुंतला आहे हे त्याने अधिक स्पष्टपणे दाखवले.

कोणी विचारील, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? वृद्धांनाच सरळ प्रश्न का विचारू नयेत? विचारावेत, पण उत्तर काय येईल याचा अंदाज आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. ‘मुलाने एवढ्या मायेने पाठवले आहे, मला त्याचा काय त्रास?’ मुलाची तक्रार परक्यापुढे करणे आपल्या वृद्धांना जड जाते, आणि ही गोष्ट केवळ भारतापुरती आहे असेही नाही. टॉमसविषयी मात्र कोणीही मोकळेपणाने बोलेल. तो कल्पित आहे, परदेशी आहे, आणि त्याचे वागणे चूक की बरोबर हे सांगताना बोलणारा नकळत स्वतःविषयी सांगू लागतो. कल्पित वस्तू रचून खऱ्या वस्तूंवर प्रश्न उभे करण्याच्या या पद्धतीला अँथनी डन आणि फियोना रॅबी या अभ्यासकांच्या लेखनामुळे रचनाशास्त्रात प्रतिष्ठा मिळाली. त्यांचा यासंबंधीचा प्रसिद्ध ग्रंथ २०१३ सालचा आहे.

ग्रंथालयात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात असा प्रयोग करायचा झाल्यास पडदा आणि यंत्रे लागत नाहीत. एखादी परिचयाची वस्तू घ्यावी आणि तिला नोंद ठेवायला लावावे. समजा, एक स्मार्ट जपमाळ आहे. प्रत्येक मण्याची ती गणती करते आणि दर सायंकाळी मुलाकडे अहवाल पाठवते. तिच्यासोबत येणारे माहितीपत्रक आपण मिळून लिहू:

‘अभिनंदन! आपल्या मातोश्रींची श्रद्धा आता आपल्या मोबाइलवर. जप १०८ पेक्षा कमी झाल्यास माळ हलकेच थरथरेल. सलग तीन दिवस कमी झाल्यास आपणास सूचना येईल. मणी फार वेगाने ओढले गेल्यास “मन लागत नाही” अशी नोंद होईल. जप करताना शेजारणीशी बोलल्याचे आढळल्यास तेवढे मणी वजा केले जातील. नोंदी कंपनीकडे सुरक्षित राहतील. त्या कोणास द्याव्यात याची संमती आपण, म्हणजे चिरंजीवांनी, दिलेली आहे.’

हे पत्रक मोठ्याने वाचले की बैठकीतून आपोआप सूचना येऊ लागतील. कोणी म्हणेल, माळ नातवाच्या हाती देईन, तो दिवसभर फिरवत बसेल. कोणी म्हणेल, पंख्याला बांधीन. मग हळूच कोणीतरी म्हणेल की मुलगा संध्याकाळी माळेचा अहवाल वाचतो, पण फोन मात्र पंधरा दिवसांनी करतो. हे वाक्य आले की हसणे थांबते आणि चर्चा सुरू होते. पत्रकातील शेवटच्या ओळीकडे तेव्हा सर्वांचे लक्ष वेधावे. माळ आईची, जप आईचा, संमती मुलाची. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या हक्काला अमुक वयानंतर ओहोटी लागते असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वृद्ध माणूस स्नानगृहात पडतो, त्याच्या कमरेचे हाड मोडते, आणि तो तासन्‌तास तसाच पडून राहतो, ही कल्पित गोष्ट नाही. काठी दुसऱ्याच्या हाती दिलेली असताना टॉमस पडला असता तर? लघुपट या प्रश्नाकडे पाठ फिरवतो, आणि हा त्याचा दोष आहे असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. स्मृतिभ्रंशाने घर विसरणाऱ्या आजीच्या बाबतीत तर टॉमसची हुशारी काहीच कामाची नाही. शिवाय टॉमस सुस्थितीत आहे. त्याला स्वतःचे घर आहे, आणि वस्तूला फसवले तर फार तर मुलांचे बोलणे ऐकावे लागेल. पाळत ही त्याच्यासाठी एक नकोशी भेट आहे.

आपल्या देशातील बहुसंख्य वृद्धांचा नोंदयंत्राशी येणारा संबंध भेटीचा नसून भाकरीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आपल्या परिचयाचे आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली आणि हा दाखला बोटांच्या ठशांवरून देण्याची सोय झाली. अनेकांची खेप वाचली, हे निःसंशय. पण ज्यांनी आयुष्यभर खुरपे चालवले, विटा उचलल्या, भांडी घासली, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि वयाने कातडीही सैल पडते. ठसा जुळला नाही की समोर उभा असलेला माणूस यंत्रापुरता सिद्ध होत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय निवृत्तिवेतनधारकांसाठी २०२१ च्या नोव्हेंबरात आली. या वृद्धांची अडचण टॉमसच्या बरोबर उलट आहे. त्याने चिन्ह पुरवून माणूस लपवला. येथे माणूस हजर आहे आणि चिन्ह सापडत नाही.

अशाच अडचणीतून सप्टेंबर २०२२ मध्ये हरियाणात एक विलक्षण प्रसंग घडला. रोहतक जिल्ह्यातील गांधरा गावच्या १०२ वर्षांच्या एका वृद्धाचा वृद्धापकाळ भत्ता बंद झाला, कारण शासकीय नोंदीत ते मृत दाखवले गेले होते. कागद दाखवून काम होईना. तेव्हा त्यांनी नवरदेवासारखे सजून, बँड लावून, वऱ्हाडासह रोहतक शहरात चक्क वरात काढली. वृत्तपत्रांतून छायाचित्रे छापली गेली, आणि भत्ता पूर्ववत सुरू झाला.

टॉमसची कथा लंडनच्या रचनाकारांनी रचली. येथे उपहासाचा विषय, पात्र आणि एक कर्ताही तो वृद्धच होता. त्यांच्यासोबत राजकीय कार्यकर्ते होते, ही गोष्ट खरी. पण सजून गाडीत बसायचे की नाही हे ठरवणारे तेच. विवाह हा जिवंतपणाचा सर्वांत गाजावाजाचा पुरावा होय. कचेरीतील नोंद म्हणते की माणूस नाही, आणि रस्त्यावर त्या माणसाची वरात चालली आहे. येथे कोणतेही यंत्र फसवलेले नाही, खोटी माहिती दिलेली नाही. जे खरे आहे तेच मोठ्या आवाजात आणि भलत्या वेषात सांगितले आहे. शंभरीच्या पुढचा नवरदेव पाहून हसू येतेच, पण भुजंगनाथाला पाहून येणारे ते हसू नव्हे.

त्या वरातीतील फलकावर हरियाणवी बोलीत, तुमचा ‘फूफा’ अजून जिवंत आहे, अशा अर्थाचा मजकूर होता. ‘फूफा’ म्हणजे आत्याचा नवरा, आपला आतोबा. उत्तरेकडील लग्नघरात मानपानावरून रुसून बसणारा पाहुणा म्हणून या नात्याची ख्याती आहे. त्याची विचारपूस झाली नाही तर तो साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी तक्रार करतो. मराठीतील ‘आतोबा’ या शब्दाला तो रुसवा चिकटलेला नाही. आपल्याकडे मानापमानाचा तो वाटा बहुधा जावयाकडे किंवा वरमाईकडे जातो, आणि १०२ वर्षांच्या वृद्धाला जावई म्हणणे काही जमत नाही. म्हणून त्या फलकावरील शब्द येथे ‘फूफा’ असाच ठेवला आहे.